नवख्यांना घेऊन एका दिवसात डोंगर: आखणीपासून उतरणीपर्यंत

नवख्या मंडळींना घेऊन एका दिवसात डोंगर चढून उतरायचा बेत आखताना एक गोष्ट आधीच ठरवून टाकावी. सगळं गणित गटातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या हिशोबाने मांडायचं. डोंगर कुठला, निघायचं कधी, पाणी किती घ्यायचं, परत केव्हा फिरायचं, सगळं त्याच्या पायांवर बेतायचं. बरेच गट नेमकं उलट करतात. आयोजक सरावलेला असतो. त्याला जी वाट दोन तासांची वाटते, ती तो सगळ्यांना दोन तासांची म्हणून सांगतो. मग भर दुपारी निम्मी मंडळी माथ्यावर, निम्मी चढणीवर आणि एक-दोघं कुठे आहेत ते कुणालाच नक्की माहीत नाही, अशी वेळ येते. पहिल्याच खेपेला असा अनुभव आला की माणूस पुन्हा डोंगराकडे फिरकत नाही. मला त्याचंच फार वाईट वाटतं, कारण त्याच माणसाला नीट नेलं असतं तर तो कदाचित आयुष्यभर चालत राहिला असता.

डोंगर निवडताना

उंचीच्या आकड्याला भुलू नका. समुद्रसपाटीपासून डोंगर किती उंच आहे, यापेक्षा पायथ्यापासून माथ्यापर्यंत प्रत्यक्ष किती चढायचं आहे हे महत्त्वाचं. पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी साधारण ५०० ते ६०० मीटरची चढण आणि जाऊन-येऊन ८ ते १० किलोमीटर अंतर पुरेसं असतं. वाट ठळक मळलेली असावी. कातळटप्पे, दोर लावायला लागणाऱ्या जागा, दोन्ही बाजूंनी दरी असलेली अरुंद धार, असलं काही पहिल्या वेळी नको. मधूनच परत फिरता येईल किंवा लवकर उतरता येईल अशी सोय असेल, तर तो डोंगर आणखी चांगला.

समुद्रसपाटीपासून साधारण २,५०० मीटरच्या वर गेलं की विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. तिथे डोकेदुखी, मळमळ, चक्कर यांकडे ‘दमलाय बिचारा’ म्हणून दुर्लक्ष करून चालत नाही. त्या माणसाला खाली आणणं हाच उपाय. म्हणून पहिला डोंगर या उंचीच्या आतलाच घ्यावा.

गटाला नेणाऱ्याने ती वाट स्वतः चाललेली असली पाहिजे, आणि तीही शक्यतो अलीकडे. पावसाळ्यात दरड कोसळून वाट बदलते, उन्हाळ्यात पाण्याची टाकी आटतात, गवत वाढलं की ढोरवाटा आणि खरी वाट एकसारख्या दिसतात. नकाशा आणि मोबाइलवरचा मार्ग सोबत हवाच, पण नुसत्या त्याच्या भरवशावर नवख्यांना नेऊ नये. जिथे परवानगी किंवा नोंदणी लागते, तिथे ती आधीच उरकून ठेवा.

वेळेचं गणित

यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो. सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास धरायचा आणि त्यात दर ६०० मीटर चढाईसाठी एक तास मिळवायचा. हा हिशोब धडधाकट, सराव असलेल्या आणि न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. नवख्यांसाठी त्याची दीडपट करा आणि विश्रांतीचा वेळ वेगळा धरा.

एक उदाहरण घेऊ. एका बाजूने ४ किलोमीटर वाट आणि ६०० मीटर चढण आहे. चालण्याची ४८ मिनिटं आणि चढाईचा एक तास, म्हणजे पावणेदोन तासांच्या थोडं वर. त्याची दीडपट पावणेतीन तासांच्या आसपास. तासाला दहा मिनिटं विश्रांती धरली की सव्वातीन. उतरायला कमी वेळ लागतो हे खरं, पण नवख्यांना वाटतं तितका कमी नाही. चढाईच्या किमान तीन-चतुर्थांश वेळ धरावा, म्हणजे इथे अडीच तास. माथ्यावर एक तास. एकूण पावणेसात तास. सकाळी सातला निघालात तर सव्वादहाला माथा, सव्वाअकराला परतीची सुरुवात, पावणेदोनला पायथा.

आता त्याहून महत्त्वाची वेळ काढायची, ती म्हणजे माघारी फिरण्याची. सूर्यास्त सहाला आहे असं धरू. अंधार पडण्याआधी दोन तास हाताशी हवेत, म्हणून पायथ्याला चारपर्यंत पोचायचं. उतरायला अडीच तास, म्हणजे दीड वाजता जिथे असाल तिथून मागे वळायलाच हवं. ही शेवटची सीमा झाली. मी स्वतः ती आणखी अलीकडे, बाराला ओढेन, कारण दुपारचं ऊन आणि दुपारनंतर जमणारे ढग या दोन्ही गोष्टी नवख्यांना झेपत नाहीत. ही वेळ सकाळी पायथ्याशीच सगळ्यांना मोठ्याने सांगा: “बारा वाजता आपण जिथे असू तिथून परत फिरणार.” आधी सांगितलं की नंतर कुणाला राग येत नाही. न सांगता वर गेलात तर बारा वाजता “आता एवढं आलोच आहोत तर” सुरू होतं आणि दमलेल्या लोकांकडून मतं मागवत बसावं लागतं.

माणसं आणि त्यांची चौकशी

आठ ते बारा जणांचा गट सांभाळायला सोपा. त्यात निदान तिघं अनुभवी असावेत. एक पुढे, एक सर्वांत मागे आणि एक मधे फिरता. पुढच्याला वाट माहीत हवी हे सगळ्यांना पटतं, मागच्याच्या बाबतीत मात्र हयगय होते. मागे राहणारा माणूस सगळ्यांत शांत आणि धीराचा निवडा. त्याने एकदाही कुणाच्या पुढे जायचं नाही. प्रथमोपचाराची पेटी त्याच्याकडेच असावी, कारण दुखापत झालेला माणूस बहुधा मागेच राहतो.

येणाऱ्या प्रत्येकाशी आधी फोनवर एकेकट्याशी बोला. ग्रुपवर “कुणाला काही त्रास आहे का?” असं विचारलं की सगळे अंगठा दाखवून मोकळे होतात. दमा, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, फिट येणं, गुडघ्याचं जुनं दुखणं, गरोदरपण, चालू असलेली औषधं, कशाची ॲलर्जी, हे चारचौघांत सांगायला माणूस कचरतो, फोनवर सांगतो. शंका असेल तर डॉक्टरांना विचारूनच या, असं स्पष्ट सांगा. “फिटनेस कसा आहे?” असं न विचारता “सलग दोन तास शेवटचं कधी चाललात?” असं विचारा. उत्तर खरं मिळतं.

तीन-चार आठवडे हाताशी असतील तर सगळ्यांना जिने चढायला लावा, आणि उतरायलाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. रोजच्या चालण्यात त्यांना याची सवय नसते. उतरणीवर पाय लटपटतात ते यामुळेच.

सॅकमध्ये काय

दिवसभराच्या सॅकचं वजन अंगाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त होऊ देऊ नका. जड वस्तू पाठीलगत ठेवाव्यात. हात मोकळे हवेत. खांद्यावर पर्स किंवा हातात पिशवी घेऊन डोंगर चढता येत नाही.

पाण्याचा साधारण अंदाज तासाला अर्धा लिटर, उन्हात त्याहून जास्त. सहा-सात तासांसाठी माणशी तीन लिटर धरा. वाटेत पाणी आहे असं ऐकलं असलं, तरी ते नाही असं समजूनच निघा. नुसतं पाणीच ढोसत राहणंही बरं नाही. घामावाटे मीठ जातं, रक्तातलं सोडियम खाली येतं आणि माणसाला मळमळ, डोकेदुखी, गुंगी असा त्रास होतो. त्यासाठी ओआरएसची पाकिटं ठेवा आणि अधूनमधून काहीतरी खारं खा. खाण्याच्या बाबतीत नवे प्रयोग नकोत. पोटाला सवय असलेलं, चालता चालता खाता येईल असं, थोडं थोडं आणि वरचेवर खाणं उत्तम.

कपडे घामाने भिजले तरी लवकर वाळणारे हवेत. जीन्स नको. भिजली की जड होते आणि गुडघा वाकवू देत नाही. उंचीनुसार तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, वर वाराही असतो. त्यामुळे खाली उकडत असलं तरी एक गरम थर आणि वारा-पाऊस अडवणारं जाकीट प्रत्येकाकडे असावं. टोपी, हेडटॉर्च, शिट्टी, नेहमीची औषधं, कचऱ्यासाठी पिशवी. “दिवसाच तर परत येणार आहोत, टॉर्च कशाला?” हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. उशीर झालेल्या गटाला टॉर्चइतकी दुसऱ्या कशाची गरज नसते, आणि मोबाइलचा उजेड हा काही पर्याय नाही, कारण तो फोन मदत मागायला लागणार असतो. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. रेंज शोधण्यातच बॅटरी संपते.

बुटांवर थोडं जास्त बोलतो. नवे कोरे बूट डोंगरावर आणायचे नाहीत, आधी काही दिवस घालून ते पायाला बसवून घ्यायचे. तळवा खोल नक्षीचा हवा, झिजलेला नको. पायाची नखं आदल्या दिवशी कापावीत, नाहीतर उतरताना ती बुटाच्या टोकावर आपटून काळी पडतात. टाच किंवा बोट चुरचुरायला लागलं की तिथल्या तिथे थांबून चिकटपट्टी लावायची. फोड यायच्या आधीची ही पाच मिनिटं पुढचे तीन तास वाचवतात. नवखा माणूस मात्र ‘सगळ्यांना कशाला थांबवायचं’ म्हणून गप्प राहतो. म्हणून तासाभराने नेणाऱ्यानेच विचारावं, “कुणाचा पाय चुरचुरतोय का?”

निघण्यापूर्वी पायथ्याशी

घरच्या किंवा विश्वासातल्या एका माणसाकडे वाट, सगळ्यांची नावं, परत यायची वेळ आणि ‘इतके वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं’ हे लिहून दिलेलं असावं. ११२ हा आणीबाणीचा क्रमांक भारतात आणि युरोपीय संघातल्या देशांत चालतो. इतर देशांत जाताना तिथला क्रमांक आधी टिपून घ्या.

मग गोल करून सगळ्यांना मोजा आणि आकडा सर्वांना सांगा. प्रत्येकाने आपल्या पुढचा आणि मागचा माणूस कोण ते लक्षात ठेवायचं. नियम थोडेच सांगा, पण पक्के: पुढच्याला ओलांडायचं नाही, न सांगता वाट सोडायची नाही, जिथे फाटा फुटतो तिथे मागचा शेवटचा माणूस येईपर्यंत पुढच्याने हलायचं नाही. गट फुटतो तो बहुतेक वेळा फाट्यावरच.

हवामानाचा अंदाज आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी पाहा. विजांचा इशारा असेल तर पायथ्यावरूनच बेत रद्द करा.

चढताना

पहिला अर्धा तास मुद्दाम हळू चाला, इतका की सरावलेल्यांना कंटाळा यावा. स्नायू तापायला, श्वास जुळायला एवढा वेळ लागतो. बोलता येतंय ना, हीच वेगाची कसोटी. पूर्ण वाक्य एका दमात बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. पंधरा-वीस मिनिटांनी पहिला छोटा थांबा घ्या, जास्तीचा कपडा काढायला, लेस सैल-घट्ट करायला, सॅकचे पट्टे नीट करायला.

खड्या चढणीवर लांब ढांगा नकोत. पावलं लहान, शक्यतो पूर्ण तळवा टेकवून. चवड्यावर चढलं की पोटऱ्या भरून येतात. वाट रुंद असेल तर नागमोडी चढा.

आता विश्रांती. पुढचे पाच जण खिंडीत पोचतात, सॅक उतरवतात, पाणी पितात, फोटो काढतात. दहा मिनिटांनी सर्वांत हळू चालणारी बाई धापा टाकत येते. तिला पाहताच कुणीतरी म्हणतं, “चला, आल्या ताई, निघू या.” पुढचे दहा मिनिटं विसावले, तिला एक मिनिटही मिळालं नाही. हेच तीन-चार थांब्यांवर घडलं की ती पूर्ण खचते आणि दोष तिच्या दमाला दिला जातो. शेवटचा माणूस बसल्यावरच घड्याळ लावायचं. आणि तिला पुढच्या माणसाच्या लगेच मागे, दुसऱ्या क्रमांकावर चालवायचं. वेग आपोआप तिचा होतो, गट लांबत नाही, आणि आपण सगळ्यांना अडवतोय ही तिची बोच जाते. तिच्या सॅकमधलं लिटरभर पाणी सरावलेल्या कुणीतरी आपल्याकडे घ्यावं. त्यात कमीपणा वाटू नये म्हणून ते सहज, काही न बोलता व्हावं.

“ठीक आहात ना?” या प्रश्नाला सगळे “हो” म्हणतात. उत्तराऐवजी माणूस पाहा. बोलणारा गप्प झाला, पाणी पिणं थांबलं, सुटलेली लेस लक्षात येईना, सपाटीवर ठेच लागायला लागली, तर त्याला थांबवायची वेळ झाली.

लघवीसाठी थांबा आपणहून जाहीर करा. आडोसा मिळणार नाही या धास्तीने अनेक बायका पाणीच पीत नाहीत आणि दुपारी त्याचा त्रास होतो. योग्य जागा पाहून “आधी बायका, मग पुरुष” असं सांगितलं की प्रश्न सुटतो. शौचाला जायचंच झालं तर ओढ्या-टाक्यांपासून किमान ६० मीटर लांब, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करून बुजवावा. टिश्यू आणि सॅनिटरी पॅड पिशवीत घालून परत न्यावेत.

घसाऱ्यावर आणि मुरमाड उतारावर एकमेकांच्या बरोबर खाली चालू नका. पायाखालून दगड सुटला तर तो लहान असो वा मोठा, “दगड!” असं जोरात ओरडायचं. हात लावून चढायच्या जागी दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन टेकलेले असतील तेव्हाच चौथा हलवायचा. धरण्याआधी दगड हलवून बघा. वाळलेल्या गवतावर भरवसा ठेवू नका.

उतरताना

दमलेले पाय, ढिला पडलेला मेंदू आणि ‘आता झालं’ ही भावना, असं तिन्ही एकत्र येतं, त्यामुळे खरी काळजी इथे घ्यायची. माथ्यावरून निघण्याआधी सगळ्यांना खाली बसवून बूट पुन्हा बांधायला लावा. टाच जमिनीवर आपटून बुटात मागे सरकवायची, मग घोट्यापाशी लेस घट्ट आवळायची, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. गुडघे किंचित वाकलेले, पावलं लहान, अंग किंचित पुढे. नवखा माणूस घाबरून मागे रेलतो, त्याने तळव्याची पकड सुटते आणि तो बसका आपटतो. काठी असेल तर चढताना धरली त्यापेक्षा थोडी लांब करून घ्या. गुडघ्यांवरचा भार हलका होतो. फार उभा टप्पा आला तर डोंगराकडे तोंड करून शिडीसारखं उतरायचं. कुणालाही पळू देऊ नका.

काही बिघडलं तर

वीज आणि गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. टोक, धार, एकटं झाड, पाणी यांपासून दूर व्हा, खाली उतरा, उघड्यावर अडकलात तर एकमेकांत किमान १५ मीटर अंतर ठेवा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाव काढू नका.

उन्हाने कुणी बरळायला लागला, तोल जाऊ लागला, अंग भाजल्यासारखं तापलं, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान-काखा-जांघा थंड करा आणि लगेच मदत बोलवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

घोटा मुरगळला आणि चालत उतरणं भाग असेल तर बूट काढू नका. सूज वाढली की तो परत चढत नाही. बुटावरूनच पट्टा आवळून बांधा. साप चावला तर कापणं, चोखणं, दोरी आवळणं यांपैकी काहीही करायचं नाही. अंगठी-कडं काढा, तो अवयव हलू देऊ नका, माणसाला उचलून शक्य तितक्या लवकर रुग्णालयात पोचवा.

वाट चुकली असं वाटलं की थांबा. ओढ्याच्या कडेने खाली उतरत राहण्याचा मोह टाळा, तो अनेकदा कड्यावर किंवा धबधब्याच्या तोंडाशी नेऊन सोडतो. शेवटची ओळखीची खूण आठवत मागे जा. ते जमत नसेल तर आहात तिथेच राहा. संकटाची आंतरराष्ट्रीय खूण म्हणून मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांनी येतं. फोन लागत नसेल तर मेसेज पाठवून बघा, कमी रेंजमध्येही तो कधीकधी जातो.

परतल्यावर

पायथ्याशी पुन्हा मोजा आणि घरच्या माणसाला ‘सगळे उतरलो’ असं कळवा. प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला ते त्याच दिवशी लिहून ठेवा. पुढच्या वेळच्या आखणीला हेच आकडे लागतात.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या आणि पोटऱ्या जास्त दुखतात हे सगळ्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर लोक घाबरतात. हलकं चालणं, पाणी, झोप यांनी चार-पाच दिवसांत ते ओसरतं. मात्र दुखणं असह्य असेल, अंगावर सूज असेल किंवा लघवी गडद तपकिरी होत असेल, तर स्नायूंना गंभीर इजा झालेली असू शकते आणि मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो. अशा वेळी वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवं. म्हणून दोन दिवसांनी प्रत्येकाला एक फोन करा.